सोलापुरातून सॉफ्टवेअरच्या इंटरव्ह्यूला जाताना

इंजिनिअरिंगचं, बीसीएचं किंवा एमसीएचं शेवटचं वर्ष संपत आलंय, कॅम्पसला मोजक्याच कंपन्या आल्या आणि आता पुण्याच्या कंपन्यांना स्वतःहून अर्ज टाकायला बसलाय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी सोलापूरचा. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि फ्रेशर्सचे इंटरव्ह्यूही घेतो. टेबलाच्या या बाजूने एक गोष्ट सारखी दिसते. आपल्याकडची मुलं अभ्यासात कुठे कमी नसतात, पण अवघड प्रश्न आला की गप्प होतात. डोक्यात विचार बरोबर चाललेला असतो, कागदावर खरडणंही चालू असतं, पण समोरच्याला त्यातलं काही कळत नाही. त्याला तर इंटरव्ह्यूनंतर फॉर्मवर नेमकं हेच लिहायचं असतं की हा मुलगा, ही मुलगी विचार कसा करते. खाली सगळ्या पायऱ्या दिल्या आहेत, पण सगळ्यात जास्त जागा या बोलण्यालाच दिली आहे.

रेझ्युमे आणि प्रोजेक्ट

फ्रेशरचा रेझ्युमे एका पानाचा असावा. नाव, फोन, ईमेल, शिक्षण, येणाऱ्या गोष्टी, प्रोजेक्ट, बस. फोटो, धर्म, वडिलांचा व्यवसाय, "मी वरील माहिती सत्य असल्याचे घोषित करतो" हे काही लागत नाही. बऱ्याच मोठ्या सेवा कंपन्या (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्रीला किमान ६० टक्के मागतात आणि बॅकलॉग (राहिलेला विषय) शिल्लक नसावा अशी अट घालतात. टक्के आहेत तेवढेच लिहा. ५९.४ चे ६० करू नका, कारण पुढे मार्कलिस्ट तपासली जाते आणि हातात आलेली ऑफर त्यावरून जाते. अशा अटी न घालणाऱ्या लहान कंपन्याही पुण्यात भरपूर आहेत, त्यांच्याकडे अर्ज टाका.

रेझ्युमेवर लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. "मशीन लर्निंग" लिहिलं आणि विचारल्यावर ट्रेनिंग डेटा आणि टेस्ट डेटा वेगळे का ठेवतात हे सांगता आलं नाही, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. पाच भाषा लिहिण्यापेक्षा एक नीट येणारी भाषा लिहा.

प्रोजेक्ट हा तर इंटरव्ह्यूचा अर्धा भाग असतो आणि तिथेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात, कारण प्रोजेक्ट विकत घेतलेला असतो किंवा सिनियरचा उचललेला असतो. दोन प्रश्नांत ते उघडं पडतं. त्यापेक्षा आपल्या आजूबाजूला बघा. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी कारखान्यांत कोणत्या यंत्रमागावर किती टॉवेल, किती चादरी निघाल्या हे अजून वहीत लिहितात आणि आठवड्याच्या शेवटी त्यावरून कामगारांची मजुरी काढतात. ओळखीच्या एखाद्या कारखान्यासाठी हीच वही मोबाइलवर आणा. दिसायला छोटं काम, पण त्यातून निघणारे प्रश्न बघा. दोन जणांनी एकाच वेळी एकाच मागाची नोंद भरली तर काय होईल? नेट गेलं तर नोंद कुठे राहील? मजुरीचा दर महिन्याच्या मध्येच बदलला तर आधीचा हिशोब बिघडेल का? पैशाची रक्कम फ्लोटमध्ये (दशांश आकडे जवळपास साठवणारा प्रकार) ठेवली की डेसिमलमध्ये (नेमके साठवणारा)? या शेवटच्या प्रश्नावर "फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, म्हणून रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवली" एवढं जरी सांगितलंत, तरी समोरचा माणूस सरसावून बसतो. हे कुठल्या नोट्समध्ये पाठ करून येत नाही, स्वतः केलं तरच अडचण येते आणि अडचण आली तरच उत्तर सुचतं.

कोड गिटहबवर (कोड साठवायची साइट) ठेवा आणि काम जसं होईल तसं चढवत जा. सगळं एकाच रात्री चढवलेलं असेल तर तेही दिसतं. सोबत रीडमी फाइलमध्ये हे काय आहे, कसं चालवायचं, काय अजून राहिलंय हे साध्या इंग्रजीत लिहा.

अर्ज

नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन आणि कंपनीचं स्वतःचं करिअर पेज, तिन्हीकडे अर्ज करा. टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या भरतीच्या परीक्षा कॅम्पसबाहेरच्या मुलांनाही खुल्या असतात, त्यांच्या तारखांवर लक्ष ठेवा. पण सगळ्यात लवकर उत्तर येतं ते ओळखीतून. वालचंद, ऑर्किड किंवा पंढरपूरजवळच्या स्वेरी या कॉलेजांतून बाहेर पडलेले कितीतरी जण पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात बसलेत. त्यांना मेसेज करायला लाजू नका, फक्त नीट करा. "सर, जॉब असेल तर सांगा" याला कोणी काय उत्तर देणार? असं लिहा: "नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजची, यंदाच्या बॅचची. तुमच्या कंपनीच्या साइटवर ही जागा दिसली, जॉब आयडी सोबत देतेय. जावा आणि एसक्यूएलवर माझा एक प्रोजेक्ट आहे, लिंक आणि रेझ्युमे जोडलाय. योग्य वाटलं तर रेफर कराल का?" त्याला करायचं काम दोन मिनिटांचं झालं की तो करतो. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

आणि जो कोणी नोकरीसाठी पैसे मागतो, रजिस्ट्रेशन म्हणून, लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून, ट्रेनिंग म्हणून, तो नोकरी देणारा नाही. मोठ्या कंपनीचं नाव लावून जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर कंपनीच्या करिअर पेजवर पडताळल्याशिवाय खरं मानू नका. घरच्यांनी साठवलेले पैसे असे गेलेले मी जवळून पाहिलेत, म्हणून हे ठासून सांगतोय.

ऑनलाइन परीक्षा

बहुतेक ठिकाणी पहिली चाळणी ही. गणित, तर्क, इंग्रजी आणि एक-दोन कोडिंगचे प्रश्न. गणितात टक्केवारी, काळ-काम-वेग, गुणोत्तर, सरासरी हेच फिरून फिरून येतं. दहावीचं गणित वेगाने करायचा सराव, एवढंच ते आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापतात का हे सूचनांमध्ये आधी वाचा, त्यावर अंदाज मारायचा की नाही हे ठरतं. कोडिंगमध्ये पूर्ण उत्तर सुचलं नाही तरी साधं, हळू चालणारं उत्तर लिहून सबमिट करा. काही टेस्ट केसेस (कोड तपासायची उदाहरणं) पास झाल्या तरी बऱ्याच परीक्षांत तेवढे गुण मिळतात.

परीक्षा आणि ऑनलाइन इंटरव्ह्यू, दोन्हींसाठी जागा आधी ठरवा. घराच्या खाली माग चालू असेल तर माइकमध्ये सगळा खडखडाट जातो. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस असतील किंवा गल्लीत लग्न असेल तर स्पीकर कधी सुरू होईल सांगता येत नाही. कॉलेजची लॅब, विजापूर रोडला किंवा जुळे सोलापुरात राहणाऱ्या मित्राची खोली, जिथे दार लावता येतं अशी जागा बघा. लॅपटॉप पूर्ण चार्ज, मोबाइलचं हॉटस्पॉट तयार. लाइट गेली की वायफायही जातं, म्हणून हॉटस्पॉट आदल्या दिवशी एकदा जोडून बघा. उन्हाळ्यात पंखा थेट माइकवर येणार नाही असं बसा. इंटरव्ह्यूच्या मध्येच नेट गेलंच तर घाबरू नका, ज्या एचआरने लिंक पाठवली त्यांना लगेच मेसेज करा आणि पुन्हा जोडा. यावरून कोणी कोणाला नापास करत नाही.

बाजूच्या मोबाइलवर एआयला विचारून उत्तर वाचणं मात्र करू नका. डोळे एका बाजूला जातात, उत्तर येण्याआधी दरवेळी सारखाच थांबा येतो, आणि "ही ओळ का लिहिली?" असं विचारलं की पुढे काही नसतं. आम्हाला ते पहिल्या दोन-तीन प्रश्नांत कळतं.

टेक्निकल राउंड

एक नेहमीचा प्रश्न घेऊ. आकड्यांची एक यादी दिली आहे आणि एक बेरीज दिली आहे. यादीतले कोणते दोन आकडे मिळून ती बेरीज होते ते शोधा.

बरेच जण हे ऐकतात, मान हलवतात आणि थेट टाइप करायला लागतात. थांबा. आधी प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगा आणि शंका विचारा. यादी क्रमाने लावलेली आहे का? उणे आकडे आहेत का? अशी जोडी नक्की असेल, की नसूही शकते? एकच आकडा दोनदा वापरला तर चालेल का? हे विचारल्याने आपण कच्चे दिसू असं वाटतं, पण होतं उलटं. प्रश्न मुद्दाम अर्धवट सांगितलेला असतो, तुम्ही विचारता का हे बघण्यासाठीच.

मग छोटं उदाहरण घ्या, मोठ्याने. यादी ३, ८, ५, १ आणि बेरीज ६. "पाच आणि एक मिळून सहा होतात, हे उत्तर. तीन आणि तीन मिळूनही सहा होतात, पण तीन यादीत एकदाच आहे, म्हणून ते चालणार नाही." हे वाक्य तुम्ही बोललात की एक मोठी चूक तुम्ही कोड लिहिण्याआधीच टाळली आणि समोरच्यानेही ते पाहिलं.

आता सगळ्यात साधा मार्ग सांगा. प्रत्येक आकडा घ्यायचा आणि पुढच्या प्रत्येकाबरोबर बेरीज करून बघायची. याला साधा म्हणून लाजू नका, तो बरोबर आहे. फक्त पुढे हे जोडा: "यादीत एक लाख आकडे असतील तर जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतील, ते फार हळू होईल. मला हे सुधारायचंय." इथे थोडं थांबलात तरी चालेल, पण काय विचार करताय ते सांगत राहा. "मी आत्ता आठवर उभा आहे. सहा व्हायला मला उणे दोन हवेत. ते मी आधी पाहिलेत का, एवढंच मला पटकन कळायला हवं. मग पाहिलेले आकडे हॅशमॅपमध्ये ठेवले तर?" झालं. हॅशमॅप म्हणजे एखादी गोष्ट आत आहे का हे लगेच सांगणारी नोंदवही. प्रत्येक आकड्यापाशी हवा असलेला जोडीदार आधी येऊन गेलाय का ते बघायचं, नसेल तर हा आकडा मॅपमध्ये टाकून पुढे जायचं. यादीतून एकच फेरी. आधी बघायचं आणि मग टाकायचं हा क्रम उलटला तर तीन स्वतःलाच जोडीदार म्हणून सापडेल, हेही बोलून दाखवा. त्या बदल्यात मेमरी जास्त लागते, हे सांगायला विसरू नका.

कोड लिहून झाला की "झालं सर" म्हणून हात मागे घेऊ नका. तेच छोटं उदाहरण बोटाने ओळीओळीतून चालवून दाखवा. मग रिकामी यादी, एकच आकडा, जोडीच नसलेली यादी. स्वतःची चूक स्वतः सापडली तर ती मोकळेपणाने सांगा आणि दुरुस्त करा. चूक स्वतः पकडणारा माणूस टीममध्ये हवाच असतो.

मध्ये समोरचा काही सुचवतो, "यादी आधी क्रमाने लावली तर?" असं. ती परीक्षेतली अडवणूक नसते, मदत असते. तुमच्याच मार्गाला चिकटून न राहता त्या दिशेने दोन पावलं टाकून बघा.

एखादी गोष्ट माहीतच नसेल तर? "हे मी वापरलेलं नाही" असं सरळ म्हणा आणि जवळचं काही माहीत असेल तर तिथून अंदाज बांधा. "मला डेटाबेसमधला इंडेक्स आतून कसा बनतो ते नक्की माहीत नाही, पण बायनरी सर्चमध्ये दहा लाख नोंदींतून साधारण वीस तुलनांत उत्तर मिळतं, तसं काहीतरी क्रमाने लावून ठेवत असतील." हे उत्तर अपुरं आहे, तरी मी त्याला चांगले गुण देईन. ठोकून दिलेल्या उत्तराला नाही.

बाकी विषयांची तयारी अशी ठेवा. डेटाबेसमध्ये जॉइन, ग्रुप बाय, इंडेक्स आणि ट्रान्झॅक्शन. दुसरा सगळ्यात मोठा पगार शोधणारी क्वेरी फार विचारतात, आणि त्यात सगळ्यात मोठा पगार दोघांचा सारखा असेल तर काय, हा प्रश्न तुम्ही स्वतःच काढा. ऑब्जेक्ट ओरिएंटेडच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठे आलं, किंवा का लागलं नाही, ते सांगा. प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक, ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर पान दिसेपर्यंत काय काय होतं, एचटीटीपीत गेट आणि पोस्ट कधी वापरतात, एवढं नीट असू दे. ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, स्टॅक, लिंक्ड लिस्ट, ट्री यांवर फ्रेशर्सचे बहुतेक प्रश्न निघतात. ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग प्रॉडक्ट कंपन्यांसाठी (स्वतःचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या), तेही हे पक्कं झाल्यावर.

इंग्रजीचं काय

आपल्याकडे घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, कॉलेजात तिन्ही मिसळून, आणि इंटरव्ह्यू इंग्रजीत. इथेच गप्प बसण्याचं मूळ आहे असं मला वाटतं. विचार एका भाषेत होतो आणि तोंडातून दुसरी काढायची असते, म्हणून मुलं पूर्ण वाक्य मनात जुळेपर्यंत तोंड उघडत नाहीत.

यावर मला पटलेला उपाय असा. रोज एक प्रश्न मित्राला आधी मराठीत, किंवा घरच्या भाषेत, मोठ्याने समजावून सांगा. मराठीतच अडखळलात तर अडचण इंग्रजीची नव्हती, प्रश्नच कळला नव्हता. मराठीत सरळ जमलं की तोच प्रश्न लगेच इंग्रजीत, छोट्या छोट्या वाक्यांत. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. कुठे थांबलात तिथलं एक वाक्य पक्कं करा. व्याकरण थोडं चुकलं तर इंजिनिअर समोर असताना काही बिघडत नाही, लूप कुठे थांबतो हे स्पष्ट कळलं पाहिजे. मित्राने इंटरव्ह्यू घेणारा व्हावं, मध्येच "का?" असं विचारावं, आणि मग जागा बदलाव्यात. दुसऱ्याचा इंटरव्ह्यू घेताना गप्प बसणारा उमेदवार कसा वाटतो हे एकदा अनुभवलं की आपोआप बोलायची सवय लागते.

प्रत्यक्ष जायचं असेल तेव्हा

सोलापूर ते पुणे साधारण अडीचशे किलोमीटर. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस सोयीची आहे, पण तिने जाऊन सकाळचा इंटरव्ह्यू धरायचा विचार करू नका. पुणे स्टेशनवरून हिंजवडी गाठायला गर्दीत दीड तासही कमी पडतो. दुपारचा असेल तर ठीक. सकाळचा असेल तर आदल्या दिवशीच नातेवाईक किंवा मित्राच्या खोलीवर जा. कंपनी मगरपट्टा किंवा खराडीला असेल तर एसटी बरी, कारण सोलापूर रोडने येताना हडपसर आधीच लागतं, स्वारगेटपर्यंत जायचं कारण नाही. इंटरव्ह्यूची वेळ ठरवणारा फोन येतो तेव्हा "मी सोलापूरहून येणार आहे, दुपारची वेळ मिळेल का?" असं विचारा. हे विचारायला हरकत नसते आणि बऱ्याचदा वेळ मिळते.

अजून एक, पुण्यापलीकडेही बघा. हैदराबाद इथून तीनशे किलोमीटरच्या थोडं पुढे आहे, तोच पुण्याचा हायवे पुढे तिकडे जातो, आणि ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात त्यांचे तिकडे नातेवाईकही असतात. तरी आपल्याकडून तिकडे अर्ज कमीच जातात. बंगळुरूला उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते.

एचआर राउंड

यात फार घाबरण्यासारखं काही नाही. स्वतःबद्दल सांगताना गाव, कुटुंब एका वाक्यात आणि बाकी वेळ काय बनवलं, काय शिकलात यावर. मधे वर्ष गेलं असेल तर खरं कारण आणि त्या काळात काय केलं ते सांगा. घरची अडचण होती, दुकान सांभाळलं, हे सांगण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या शहरात जायला, शिफ्टमध्ये काम करायला तयार आहात का हे घरी आधीच बोलून ठेवा, विशेषतः मुलींनी. तिथे "घरी विचारून सांगते" म्हणावं लागलं तर जागा दुसऱ्याला जाते. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा नवीन माणसाला पहिले सहा महिने काय काम देता, कोड कोण तपासतं, हे विचारा.

ऑफर हातात आल्यावर

सीटीसीचा आकडा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च, हा हातात येणारा पगार नाही. त्यात कंपनीने पीएफमध्ये भरायची रक्कम, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स आणि कधी कधी वर्षाअखेरीस मिळू शकणारा बोनसही धरलेला असतो. तुमचा पीएफ आणि महाराष्ट्रातला वर्षाला २,५०० रुपयांपर्यंतचा व्यवसाय कर पगारातून कापला जातो. म्हणून महिन्याला हातात किती येईल हे आकड्यात विचारा आणि पुण्यातली खोली, मेस, प्रवास त्यात बसतो का ते बघा. बॉंड (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिन्यांचा, सोडल्यास किती रक्कम आणि ती वेळेनुसार कमी होते का, हे सही करण्याआधी वाचा. मूळ मार्कलिस्ट कोणाकडे ठेवायला देऊ नका. बघायला द्या, परत घ्या, झेरॉक्स द्या.

नापास झालात तर त्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा आणि न आलेले सोडवा. काही महिन्यांनी त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करता येतो, आणि प्रश्नही फार बदललेले नसतात.

एक काम मात्र आजच करून टाका. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकदा नाव आधी. आपल्याकडच्या तेलुगू, कन्नड आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग तर दर कागदावर वेगळं सापडतं, कुठे एक अक्षर जास्त, कुठे कमी. जॉइनिंगच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा यावरूनच अनेकांचं काम अडतं, पीएफचं खातंही आधारशी जुळत नाही. दहावीची मार्कलिस्ट, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. फरक असेल तर आधार आणि पॅन दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणे दुरुस्त करायला टाका. त्याला वेळ लागतो, आणि ऑफर आल्यावर तेवढा वेळ हातात नसतो.